उन्हाचा अर्ज

उल्हासनगरात आमच्या गल्लीत पापड करणाऱ्या एक सिंधी मावशी राहतात. समोरची चारमजली इमारत कित्येक वर्षं ओसाड पडलेली. ती पाडा म्हणून मावशी पालिकेत अर्ज द्यायच्या, त्यात लिहायच्या, 'आमचं ऊन सोडवा.' कारकून हसायचे. मला रोज विचारायच्या, "साईं, माझं ऊन कुठवर आलं?" आणि पापडांची टोपली घेऊन दुसऱ्यांच्या गच्चीचे जिने चढायच्या.

यंदा पाडकामाला सरकारी निधी मिळाला. जेसीबीनं शेवटची भिंत पाडली, धूळ बसली आणि ऊन थेट मावशींच्या उंबऱ्यावर! गल्लीनं टाळ्या पिटल्या. मी धावत टोपली आणली. मावशींनी ती बाजूला सारली, खाट उन्हात ओढली आणि हातपाय पसरून आडव्या झाल्या.

"पापड उद्या! आज पहिले मी वाळणार!"