दाऊदबुवांना आणायला सास्तूरला

नाताळची उपासना संपली, मंडळी चर्चच्या पटांगणात एकमेकांना शुभेच्छा देत उभी होती, तेव्हा सगुणामावशी माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "यशवंता, मला सास्तूरला ने. बुवांकडं जायचंय."

बुवांना जाऊन दोन पावसाळे उलटले होते.

या ब्लॉगवर मी बऱ्याच प्रवासांविषयी लिहिलं, पण हा आजवर लिहिला नाही. चाळीसच्या दशकातली गोष्ट आहे. युद्ध चालू होतं. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात आणि सास्तूर निजामाच्या राज्यात. मी सोलापुरात शाळामास्तर म्हणून नुकताच लागलो होतो.

दाऊदबुवा आमचे ख्रिस्ती कीर्तनकार. मी मिशनच्या बोर्डिंगात वाढलेला, आईबाप नसलेला पोरगा. बुवांनी मला गाणं शिकवलं ते विहिरीवर. पाणी शेंदताना दोर ओढायचा त्या लयीत ते गायला लावायचे. "दम लागला की थांबायचं नाही, हळू व्हायचं," म्हणायचे. सगुणामावशी त्यांची पत्नी, माझ्या ताटात भाकरीवर भाकरी वाढणारी. त्यांना एकच लेक झाली होती, ती लहानपणीच गेली आणि सोलापूरच्या ख्रिस्ती कबरस्तानात निजली होती.

बुवा वर्षातले कित्येक महिने एकतारी घेऊन निजामाच्या मुलखातल्या खेड्यांतून हिंडत. असेच गेले आणि परत आले नाहीत. लोहाऱ्याचा एक कापडवाला पेठेत माल घ्यायला आला होता, त्यानं निरोप सांगितला: बुवा सास्तुरात मुदतीच्या तापानं गेले, तिथंच कुणीतरी माती दिली. कुणी, कुठं, कशी, त्यालाही ठाऊक नव्हतं. मावशी त्या दिवशी रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "प्रार्थना तरी केली असेल का रे कुणी?"

तर निघालो. मावशींनी एक पत्र्याची पेटी बरोबर घेतली होती. मी उचलली तर हलकीच लागली. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटारी कोळशावर चालायच्या. मागं भट्टी बांधलेली, चढ आला की क्लीनर उतरून कोळसा ढोसायचा आणि आम्ही उतरून चालायचं. मोटारीपेक्षा आम्हीच पुढं असायचो. बोरी नदीवर पोचलो तेव्हा सगळ्यांची तोंडं काळी झाली होती, आणि मावशी आदल्या गावी चहा न घेतल्याबद्दल हळहळत होत्या.

पण त्याआधी सरहद्दीवरचा करोडगिरीचा नाका लागला. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. तिथं इंग्रजी कलदार रुपये देऊन निजामाचा हाली सिक्का घ्यावा लागे, आणि प्रत्येकाचं सामान उघडून बघत. नाक्यावरचे अंमलदार उतारवयाचे मुसलमान गृहस्थ होते. त्यांनी मावशींच्या पेटीचं झाकण उघडलं. आत एक धुतलेलं पांढरं कापड होतं, बाकी काही नाही.

"खाली पेटी लेको कां जारे अम्मा?"

मावशी सरळ म्हणाल्या, "नवऱ्याला आणायला."

मला तेव्हा कळलं. नुसतं भेटायला आम्ही निघालोच नव्हतो. बुवांची हाडं सोलापूरला आणून लेकीशेजारी ठेवायची, हे मावशींनी मनात ठरवून टाकलं होतं.

अंमलदारांनी विचारलं, "नाम क्या था?"

"दाऊद."

त्यांनी मुसलमान की ख्रिस्ती, काही विचारलं नाही. ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि झाकण अगदी हळू लावलं. "सोते सो आदमी कू हलाना नक्को, अम्मा," एवढंच बोलले. मावशींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मोटारीनं आम्हाला हमरस्त्यावरच्या फाट्यावर सोडलं. तिथून बैलगाडीनं लोहाऱ्याला. त्या कापडवाल्याच्या ओसरीवर पथारी मिळाली. माणूस मोठा मोकळा होता, आम्ही ख्रिस्ती आहोत म्हणून ताट वेगळं मांडलं नाही. सकाळी निघताना म्हणाला, "आज गाडी मिळायची न्हाय तुमाला. येळवस हाय."

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना येळवस माहीत नसेल. मार्गशीर्ष सरता येणारी वेळ अमावास्या. त्या दिवशी या भागातली गावंच्या गावं शेतात जातात. कडब्याची छोटी कोप, म्हणजे झोपडी, करतात, पूजा होते, आणि दिसेल त्या वाटसरूला हाक मारून जेवू घालतात. आजही कुणी जाणार असेल तर याच सुमारास जा. सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं एसटीनं लोहारा गाठा, पुढं सास्तूरला शेअर जीप मिळते. येळवशीला मात्र जीपवालेही शेतातच असतात. गाव भूकंपानंतर नव्यानं उभं राहिलंय, मी वर्णन करतोय त्यातलं फारसं काही दिसणार नाही. पण शाळूची शेतं तीच आहेत.

आम्ही चालत निघालो. पेटी माझ्या डोक्यावर. दोन्ही बाजूंना शाळू हुरड्याला आलेला, काळ्या रानात करडईची हिरवी काटेरी ताटं, आणि दर बांधावरून हाक: "ओ पावनं, जेवून जावा!" पहिल्या रानात आंबील प्यालो, दुसऱ्यात भज्जी खाल्ली. भज्जी म्हणजे आपली तळलेली भजी नव्हे. सगळ्या शेंगांचे दाणे, भाज्या, चिंच आणि बेसन एकत्र शिजवून केलेला दाट प्रकार, बाजरीच्या वाफवलेल्या उंड्याबरोबर खायचा. तिसऱ्या हाकेला मी हात जोडले. मावशी मात्र दर रानात एकच विचारायच्या, "दाऊदबुवा म्हणून एक गाणारे होते, ठाऊक आहेत का?"

सास्तूरच्या अलीकडं एक बाई बांधावर उभी होती. प्रश्न ऐकताच ती ओरडली, "अहोऽ, बुवाच्या घरच्या आल्यात!"

तिचं नाव नीलव्वा. नवरा शिवलिंगअप्पा धावतच आले. उंच, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग. लिंगायत शेतकरी कुटुंब, घरात कानडी आणि बाहेर मराठी. त्यांनी मावशींचे पाय धरले आणि कितीतरी वेळ उठेनात. मावशी संकोचल्या. "उठा हो, उठा. मला फक्त जागा दाखवा."

रानाच्या कडेला कडुलिंबाचं झाड होतं. त्याखाली दगडमातीचे दोन कट्टे शेजारीशेजारी, दोन्ही ताजे सारवलेले. एकावर बुवांची एकतारी ठेवली होती. तार नव्हती, पण भोपळा तेल लावून पुसलेला दिसत होता. दोन्ही कट्ट्यांपुढं येळवशीचा नैवेद्य वाढला होता.

मावशी उभ्या राहिल्या. मग पदर सावरून म्हणाल्या, "अप्पा, मी यांना न्यायला आलेय. सोलापूरला आमची लेक आहे, तिच्याशेजारी ठेवीन म्हणते. उकरायला माणसं मिळतील का?"

नीलव्वानं नवऱ्याकडं पाहिलं. शिवलिंगअप्पा म्हणाले, "न्या. तुमचं मानूस हाय, आमी कोन अडवनार? पर आधी एक सांगाया पायजे. आमी त्यास्नी निजवलं न्हाय. बशिवलंय."

मला काही समजेना. त्यांनी सांगितलं तेव्हा समजलं. लिंगायतांत माणूस गेला की मांडी घालून बसवून माती देतात, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवून. बुवा याच रानात, भर पावसाळ्यात तापानं पडले. यांनी त्यांना आपल्या घरी आणलं. आणि जेव्हा ते गेले तेव्हा गावात कुणालाच ख्रिस्ती रीत ठाऊक नव्हती.

"आमचे अय्या, पूजा सांगनारे जंगम, म्हनले, ह्यो आपला न्हाय, म्या मंतर म्हननार न्हाय. मग आय म्हनली, नका म्हनू. पर उभा जलम देवाचं नाव घेतलेला मानूस हाय, त्याला आडवा टाकू नका. आमच्यासारखा बशिवला. गळ्यात त्यांचा लाकडी कुरूस व्हता, त्यो हातावर ठिवला. आमाला येवढंच येत व्हतं, बाई. चुकलं आसंल तर पदरात घ्या."

बुवांवर शास्त्रपाठ नाही, गीत नाही, आणि असं बसवून पुरलेलं. सोलापुरात चर्चच्या पाळकसाहेबांना काय सांगायचं, हेच माझ्या डोक्यात. मी मावशींकडं बघायचं टाळत होतो.

मावशी कट्ट्यापाशी जाऊन बसल्या. हात मातीवर ठेवला. "तोंड कुठं केलंत त्यांचं?"

"उगवतीला."

मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि त्यातच त्या हसल्या. "यशवंता, बुवांचे गुडघे कसे होते, आठवतंय ना? निजले की उठता यायचं नाही. रोज मी हात देऊन उठवायची. मला घोर होता रे, शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, मेलेले सगळे उठतील आणि मी सोलापुरात, इकडं ह्यांना कोण उठवील?" मग शिवलिंगअप्पांकडं वळून म्हणाल्या, "बसवलंत ते बरं केलंत. त्यांना सोपं जाईल."

शिवलिंगअप्पांना त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. पण त्यांनी मोठा श्वास सोडला.

मग मावशींनी दुसऱ्या कट्ट्याकडं बोट केलं. "हे कुणाचं?"

"आयचं. गंगव्वा."

"कशानं गेल्या?"

नीलव्वानंच सांगितलं. बुवा तापात असताना सासूबाईंनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही, पोरंबाळं घरात म्हणून. स्वतःच उशापायथ्याशी बसून राहिल्या, पेज भरवली, अंग पुसलं. बुवा बडबडायचे, मधेच गायचे. त्या "गा गा" म्हणायच्या. बुवांना माती दिली आणि त्याच आठवड्यात त्यांना ताप भरला. "जाताना म्हनल्या, मला बुवाच्या शेजारी ठिवा. नवख्या गावात येकटा पडला हाय त्यो."

वाऱ्यानं शाळूची पानं सळसळत होती.

"मग मी कसं नेऊ?" मावशी म्हणाल्या, स्वतःशीच. "त्यांच्यापायी जीव दिला त्या माउलीनं, आणि मी तिला एकटी टाकून ह्यांना घेऊन जाऊ?"

शिवलिंगअप्पा म्हणाले, "न्यायचं आसंल तर न्या, बाई. आय रागवायची न्हाय."

"ती रागावणार नाही हो. हेच रागावतील."

आम्ही तिथंच स्मरणाची उपासना केली. प्रभू स्वतः मित्राच्या कबरीपाशी रडतात तो भाग मी बायबलातून वाचला. प्रार्थना मावशींनी केली, दोघांसाठी, नावं घेऊन. मग मी बुवांचं आवडतं गीत सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीला दचकलो. नीलव्वा माझ्याबरोबर गात होती. कानडी हेलात, शब्द इकडचे तिकडे, पण चाल अगदी बुवांची, श्वास घ्यायच्या जागासुद्धा. तापातली ती गाणी दाराआडून ऐकून तिला पाठ झाली होती. माझा दम संपला तिथं मी थांबलो नाही, हळू झालो. ते बुवांनी शिकवलेलं त्या दिवशी पहिल्यांदा नीट उपयोगी पडलं.

निघताना नीलव्वानं पेटीत शाळूची कणसं, हरभऱ्याचे डहाळे, उंडे, गुळाचा खडा असं ठासून भरलं. एकतारी मावशींना देऊ केली. मावशींनी ती तिच्याच हातात परत दिली. "तार तेवढी बसवून घ्या. सुनी ठेवू नका."

परतीची मोटार वाटेत दोनदा बंद पडली, तेव्हा आम्ही उंडे खाल्ले. मावशी शांत होत्या. दमलेल्या माणसाला झोप लागावी तशा.

सोलापुरात सगळ्यांना ते पटलं नाही. चर्चमधले एकदोन वडीलधारे म्हणाले, परक्यांच्या शेतात, परक्या रीतीनं, हे काही बरं नव्हे. हाडं आणायला हवी होती. मावशी वाद घालत बसल्या नाहीत.

त्या वर्षी पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे पहाटे कबरस्तानात जमलो. कबरींना चुना दिलेला, फुलं वाहिलेली, पूर्वेकडं तांबडं फुटत होतं. आमच्यात प्रत्येक घरचं माणूस आपल्या निजलेल्यांची नावं मोठ्यानं घेतं आणि पाळकसाहेब ती प्रार्थनेत देवापुढं मांडतात. मावशींची पाळी आली. त्यांनी लेकीचं नाव घेतलं, बुवांचं घेतलं, आणि म्हणाल्या, "गंगव्वा."

एका वडीलधाऱ्यांनी हळूच विचारलं, "ह्या कोण? आपल्यातल्या होत्या का?"

"बुवांच्या शेजारीण आहेत," मावशी म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी मावशींकडं पाहिलं, डोळे मिटले आणि तिन्ही नावं घेतली. त्यानंतर दर वर्षी घेतली.

त्या प्रवासातून माझ्याकडं काय राहिलं, याचा मी पुष्कळदा विचार केला. तोवर मला वाटायचं की मेलेल्यांची आठवण ठेवणं हे घरच्यांचं काम, आणि ते आपल्याच रीतीनं व्हायला हवं. सास्तूरला पाहिलं की बुवांना आमच्याआधी कुणीतरी आठवत होतं, दर येळवशीला ताट वाढत होतं. देवावर सोपवणं म्हणजे काय, ते मला उपदेशांतून कधी नीट कळलं नव्हतं. मावशी बुवांना तिथंच ठेवून रानातून बाहेर पडल्या तेव्हा कळलं.

मावशी गेल्या तेव्हा निजामाचं राज्यही गेलं होतं. त्यांना लेकीशेजारी ठेवलं. सास्तूरला निरोप पाठवला होता, पण कुणी येईल अशी आशा नव्हती. शिवलिंगअप्पा आले. उपासना संपेपर्यंत मागं उभे राहिले, मग पुढं येऊन मूठभर माती टाकली आणि कानडीत काहीतरी पुटपुटले. मी अर्थ विचारला.

"काय न्हाय," ते डोळे पुसत म्हणाले. "म्हनलं, बुवा बरे हायती. तुमी बिनघोर जावा."