धार नसलेली हत्यारं

दाभोशाहून जीपवाल्याने बाबांना घरी आणलं, तेव्हा त्यांच्या चपला त्याने वेगळ्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. धबधब्याच्या वरच्या कड्यावर त्या नीट जोडून ठेवलेल्या होत्या आणि बाबा त्यांच्या पुढे, अगदी काठाला बसलेले होते. जीपवाला शहाणा. त्याने आरडाओरडा केला नाही. जव्हारची शेवटची गाडी आहे, येताय ना मास्तर, एवढंच त्याने विचारलं आणि बाबा उठून त्याच्या मागे चालू लागले. आई जाऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. लोकांना आम्ही सांगितलं की बाबा धबधबा बघायला गेले होते. ज्याचं सगळं आयुष्य तिथून हाकेच्या अंतरावर गेलं तो माणूस म्हातारपणी धबधबा कशाला बघायला जाईल, असं कुणी विचारलं नाही.

मी त्यांना जव्हारला माझ्या घरीच ठेवून घेतलं. मी शाळेत शिक्षिका, मिस्टर वाड्याला नोकरीला, ते फक्त शनिवारी यायचे. म्हणजे शाळेच्या वेळात बाबा घरात एकटे. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात आता भीतीची भर पडली. दाढीची पाती, कोयता, सुरी सगळं मी लोखंडी कपाटात घातलं आणि किल्ली पर्समध्ये ठेवली. विळीसुद्धा सोडली नाही. सकाळची भाजी चिरून झाली की विळी धुवायची, पुसायची आणि साड्यांच्या खाली सरकवायची. बाबा दाढीला न्हाव्याकडे जायला लागले. हे काय चाललंय, असं त्यांनी कधी विचारलं नाही. ते बोलतच नव्हते मुळी. ओट्यावर बसायचे, वाढलं की जेवायचे, पुन्हा ओट्यावर. मला त्यांचा राग यायचा. आई माझीही गेली होती.

बाजाराच्या दिवशी मी त्यांना मुद्दाम सोबत न्यायचे. एसटी स्टँडच्या मागे एक भंगारवाला बसायचा. त्याच्याकडे पत्रे, सायकलच्या चेन, मोडके पंप असा सगळा ढीग. त्या ढिगात एके दिवशी बाबांनी हात घातला आणि एक रंधा बाहेर ओढला. लाकूड तासून गुळगुळीत करायचा रंधा आपल्याकडे बहुतेक लाकडीच असतो. हा लोखंडी, विलायती होता. गंजून लाल झालेला, पातं आत अडकून बसलेलं, मूठ कुजलेली. संस्थानाच्या वेळचा असावा, असं बाबा स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "घेऊ का?"

त्या दोन शब्दांसाठी मी भंगारवाल्याचा अख्खा ढीग उचलला असता.

बाबांनी नोकरीभर आश्रमशाळेतल्या मुलांना सुतारकाम शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं. आता त्यांनी तो रंधा रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवला. रोज सकाळी स्क्रू जरासा फिरवून बघायचे आणि हलला नाही की परत बुडवायचे. जोर म्हणून लावायचे नाहीत. मी म्हणायचे, हातोडी मारा की एक. तर म्हणायचे, मारलं की तुटतं. एका सकाळी तो सुटला. मग चिंचेचा कोळ लावून गंज काढला, विटेची भुकटी घासली, शेवटी पॉलिश पेपर. वखारीतून शिसवीचा तुकडा आणला आणि जाड दातांच्या कानशीने झिजवून झिजवून नवी मूठ केली. ते काम करताना त्यांचा खालचा ओठ पुढे यायचा. लहानपणी शाळेच्या खिडकीतून मी तो पाहिलेला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

मग आमचे रविवार त्यातच जायला लागले. जीपने मोखाडा, कधी सूर्यमाळपर्यंत. पाड्यापाड्यांवर जुनी हत्यारं पडलेली असायची, फक्त विचारावं लागायचं. कुणी लाकडात खाचा पाडायच्या पटाशीने कंद खणत होतं. कुणी रंध्यावर खाटेचा तुटका पाय टेकवला होता. एका घरी करवतीला भोक पाडून ती पाखरं हाकलायला शेतात टांगली होती. घरातला सुतार मेला, पोरं ठाण्या-भिवंडीकडे कामाला गेली, चौकटी लोखंडाच्या आल्या; हत्यारांना कोण विचारतो. सूर्यमाळच्या एका म्हातारीने नवऱ्याचा वाकस, लाकूड तासायचं हत्यार, काढून दिला आणि बदल्यात आमच्या कॅनमधलं पाणी मागितलं. मे महिना होता. बाबांनी सगळा कॅन तिच्या हंड्यात ओतला आणि आम्ही दोघं कोरड्या घशाने जव्हारला परतलो. मी वाटभर धुसफुसत होते. बाबा मांडीवरचा वाकस उलटापालटा करून बघत होते.

गंज गेला, मूठ बसली, की शेवटी धार. तिथे मी आडवी आले. बाबांचा धारेचा दगड त्यांच्या ट्रंकेत फडक्यात गुंडाळलेला असायचा. तो मी आधीच काढून शाळेतल्या माझ्या टेबलाच्या खणात नेऊन ठेवला होता. त्यांनी ट्रंक उपसली तेव्हा म्हटलं, हरवला असेल हो सामानात. हार्डवेअरच्या दुकानदाराला बाजूला घेऊन सांगितलं, आमच्या बाबांनी दगड मागितला तर नाशिकहून यायचाय म्हणून सांगा. करवतीची तिकोनी कानससुद्धा देऊ नका. त्याने कारण विचारलं नाही. त्यावरून मला कळलं की धबधबा बघायला गेल्याची गोष्ट कुणालाच पटलेली नाही.

बाबा दर बाजाराला विचारायचे, "आला का दगड?" दुकानदार म्हणायचा, पुढच्या आठवड्यात, मास्तर. बाबा मान हलवून पॉलिश पेपर घ्यायचे आणि निघायचे.

अशी दीडेक वर्षं गेली. पडवीतल्या फळीवर रंधे, पटाश्या, वाकस, गिरमिटं ओळीने लागली. तेल लावून चकचकीत, पण एकाने कागद कापला जाईल तर शपथ. ती विकत घ्यायला सुतार यायचे, तर बाबा म्हणायचे, अजून पुरी झाली नाहीत. अर्धवट काम हातातून द्यायचं नाही, हा त्यांचा जुना बाणा. शाळेतून आल्यावर मी आधी फळीपाशी जायचे. एकेका पात्यावरून अंगठा फिरवायचे. बोथट आहे ना, बघून घ्यायचे आणि मग हातपाय धुऊन स्वयंपाकाला लागायचे. मी स्वतःवर खूश होते. बापाला कामही दिलं आणि धोकाही ठेवला नाही, असं मला वाटायचं.

पावसाच्या तोंडावर एके दिवशी मी शाळेतून आले, तर परसातल्या धुण्याच्या दगडापाशी एक सुतार उकिडवा बसलेला. मोखाड्याकडचा होता. ठाण्याला कामावर असताना त्याची सगळी हत्यारं चोरीला गेली होती आणि पावसाआधी एका घराच्या चौकटी बसवून द्यायच्या होत्या, हे मला नंतर समजलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की तो दगडावर पाणी टाकून पटाशी घासतोय आणि बाबा समोर बसून कोन दाखवताहेत. त्याने पातं मनगटाच्या वर फिरवलं. तिथले केस साफ निघाले. तो हसला आणि पटाशी बाबांच्या हातात दिली.

मी धावले आणि ती हिसकावून घेतली. माझा तळवा उघडला. दुखलं नाही, आधी नुसतं गरम लागलं. दगडावरच्या पाण्यात रक्त पडत होतं आणि मी बाबांवर ओरडत होते, काय काय बोलले ते मला आज सांगवत नाही. सुतार भेदरून उभा राहिला. "नाय हो बाई, मास्तरांनीच दिली," तो म्हणाला. "तशीच न्या म्हणाले. मी म्हटलं, लागते का धार ते तरी बघतो."

बाबांनी खांद्यावरचा टॉवेल फाडून माझा हात बांधला. मग फळीवरची सगळी हत्यारं गोणपाटात गुंडाळून त्या सुताराला दिली आणि त्याला वाटेला लावलं. पडवीत मी आणि ते उरलो.

"दगड सगळीकडे आहेत गं," ते म्हणाले. "हा धुण्याचा आहे, पायरीचा आहे. पॉलिश पेपर तर मी दर बाजाराला आणतो, त्याच्यावरही लागते धार. मला एक पातं लावता आलं नसतं?"

"मग का नाही लावलीत?"

"तू येऊन अंगठा फिरवायचीस," ते म्हणाले, "आणि मग जेवायचीस."

मी त्यांना राखतेय असं समजत होते, आणि माझ्या घशाखाली घास उतरावा म्हणून हा माणूस अर्धवट हत्यारं फळीवर मांडत होता. मी त्यांना सरळच विचारलं, पुन्हा त्या कड्यावर जाल का. घरात ही गोष्ट पहिल्यांदा कुणी तोंडाने उच्चारली. खोटं बोलायचं नाही म्हणून बाबा विचार करत होते, हे मला दिसत होतं आणि तेच मला सहन होत नव्हतं.

"आज नाही," ते म्हणाले.

मला 'नाही' हवं होतं. पण मला तेवढंच मिळालं. दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना मी चपला घालता घालता विचारलं, "आज?" ते रॉकेलच्या डब्यातून नजर न काढता म्हणाले, "आज नाही. जा, उशीर होतोय." मग रोजचंच झालं. शेजारच्या बाईला वाटायचं की बापलेकीचं काही कामाचं बोलणं असेल. पुढची कितीतरी वर्षं बाबांनी जुनी हत्यारं शोधली, दुरुस्त केली, धार लावून पाड्यांवर दिली. शेवटी एका पावसाळ्यात न्यूमोनियाने ते दवाखान्यात वारले, चार माणसांसारखे, कॉटवर.

मुलीने बापाला किती जपलं, असं जव्हारात अजून म्हणतात. मी ऐकून घेते. त्या सगळ्या वर्षांत मी एकदाही विचारलं नाही की बाबा, तुम्हाला जगावंसं वाटतं का. मी फक्त 'आज?' विचारायचे. रोज सकाळी नव्याने ठरवून ते मला तेवढं उत्तर देत होते, आणि ते त्यांना जड जात होतं, हे मला आवाजावरून कळायचं. तरी मी विचारत राहिले, कारण ते ऐकल्याशिवाय माझा पाय घराबाहेर पडत नव्हता.