अठरा मिनिटांचा घाट

खेचूदादाने बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बंद पडलेल्या गाड्या ओढल्या. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही कागद बघूनच आठवत असेल. दरीच्या कठड्यावर लटकलेली बस त्याने एकदा एकही काच न फोडता वर काढली होती. मी गॅरेजवाला माणूस. इंजिन सोडून कोणाचं कौतुक करायची मला सवय नाही, पण त्याचं करत आलो.

धंद्याचा मालक मात्र त्याचा धाकटा भाऊ. ओढायचा ट्रकही धाकट्याचाच. घाटात बंद पडलेल्या गाड्या ओढायचं कंत्राट मिळालं तेव्हा एक अट आली: फोन आल्यापासून पंधरा मिनिटांत ट्रक माथ्यावर पोचला पाहिजे. दादाला अठरा लागायची. धाकट्याने तोंडावर सांगून टाकलं, "महिनाभर बघतो, दादा. नाही जमलं तर चावी ठेवायची."

दादा तडक माझ्याकडे आला. "गाडीत दम राहिला नाही रे. थोडी ताकद वाढव. फार नको."

फार नको, हे त्याला कळत होतं म्हणून मला तो आवडायचा. बाकीचे येतात ते इंजिनाचं विमान करा म्हणतात. डिझेल वाट्टेल तसं पाजलं की इंजिन तापतं, क्लच घसरतो, आणि दुसऱ्याला आणायला गेलेली गाडी स्वतःच दोरीला बांधून परत येते. आम्ही बेताबेताने गेलो. आधी मोठा एअर फिल्टर आणि रुंद सायलेन्सर, म्हणजे इंजिनाला श्वास मोकळा. दादा घाट चढून आला. अठरा मिनिटं. मग टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, त्याची गरम हवा गार करणारा इंटरकूलर बसवला. अठरा. शेवटी डिझेल जरा जास्त सोडायला पंपाचा स्क्रू पाव आटा फिरवला आणि स्टिअरिंगजवळ दोन मीटर लावले, एक टर्बोच्या दाबाचा, एक उष्णतेचा.

धाकटा रोज येऊन माझ्या कामगारांसमोर म्हणायचा, "नाचता येईना, अंगण वाकडं!" दादाही सगळ्यांबरोबर हसायचा. ते हसणं बघवत नसे.

स्क्रू फिरवल्यावर मीटर बघायला मी त्याच्या शेजारी बसलो. ट्रक असा उठला की माझी पाठ सीटला आपटली. मी खूश. पहिलं वळण दिसलं आणि टर्बोचा काटा धाडकन खाली आला. हवेचा पाइप निसटला असं वाटलं. वळण संपल्यावर काटा हळूहळू चढला, पुढच्या वळणाआधी परत पडला. मग मी खाली बघितलं. वळण पन्नास पावलं लांब असतानाच दादाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उठत होता, आणि वळण संपेपर्यंत परत टेकत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी याच घाटात साखळी तुटून दादाच्या ट्रकमागे बांधलेली मोटार दरीत गेली होती. आत कोणी नव्हतं, म्हणून आम्ही सगळे विसरलो. तो विसरला नव्हता.

माथ्यावर त्याने घड्याळ बघितलं. अठरा. "अजून काहीतरी करावं लागेल," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "बघू," मी म्हणालो. तिथेच त्याच्याशी बोलायला हवं होतं. मी मीटरच बघत बसलो.

महिना संपला. धाकटा गॅरेजात आला, दादाच्या हातातून चावी घेतली आणि स्वतः घाट चढून आला. खिडकीतूनच ओरडला, "अकरा! वर्षातून दोनदा ट्रक चालवणारा माणूस मी, अकरा मिनिटांत वर!" मग खाली उतरून मला म्हणाला, "मिस्त्री, खरं सांगा. गाडीत अजून काही करायचं राहिलंय?"

 दादा स्वच्छ हात फडक्याला पुसत माझ्याकडे बघत राहिला.

राहिलं होतं. इंजेक्टर जुने होते, एक तर गळत होता. तेवढं सांगितलं असतं तर खोटंही बोलावं लागलं नसतं, आणि त्याला आणखी काही आठवडे मिळाले असते. भीती वाटते, हे स्वतःच्या तोंडाने भावाला सांगायला तेवढे पुरले असते. पण चार कामगार ऐकत होते. अकरा मिनिटं माझ्या हाताची होती. माझ्या हातून गेलेल्या गाडीत खोट आहे, हे काही केल्या माझ्या तोंडून निघेना.

"काही राहिलं नाही," मी म्हणालो. "गाडी ठणठणीत आहे. चालवणारा हवा."

शेवटचे दोन शब्द कोणी मागितलेही नव्हते. धाकटा खदखदून हसला, त्याच्या मागे माझे कामगारही. दादाने फडकं घडी करून टेबलावर ठेवलं आणि चालत घरी गेला. मला स्वतःची लाज वाटली, पण त्याला हाक मारण्याइतकी नाही.

आता तो धाकट्याच्या ऑफिसात फोनवर बसतो. गेल्या आठवड्यात घाटात माझ्याच मोटारीच्या इंजिनाचा पट्टा तुटला. फोन त्याने उचलला. मी कोण ते सांगितलं.  मग तो सगळ्यांना सांगतो तेच म्हणाला.

"काळजी करू नका, साहेब. आमची गाडी ठणठणीत आहे. अकरा मिनिटांत येईल."