दिलीपनं न उघडलेली फाइल

दिलीप गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोपाळला हबीबगंज स्टेशनवर नुकताच गाडीतून उतरलो होतो. त्यालाच भेटायला आलो होतो. फोनवर त्याची बायको वैशालीवहिनी एवढंच म्हणाल्या, "आता घाई करू नका." काही आठवडे झाले... दुःख आहेच, पण अजून आधी रागच येतो.

भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात आम्ही दोघं कॉम्प्युटर सेक्शनला होतो. माझी बदली होईपर्यंत टाउनशिपमध्ये क्वार्टरही समोरासमोर. कोणत्या प्रोग्रॅममध्ये कोणी काय बदललं याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर त्यानं लिहिलं होतं. "काय बदललंय?" असं विचारलं की ते हजारो फाइली वाचत बसायचं, तोवर आमचा कँटीनचा चहा व्हायचा. मग दिलीपनं युक्ती काढली. प्रत्येक फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ लक्षात ठेवायची. दोन्ही तीच असतील तर फाइल उघडायचीच नाही, मागचंच उत्तर द्यायचं. उत्तर चुटकीसरशी यायला लागलं आणि हा गडी कॉलर ताठ करून फिरायला लागला. पुढे कोणीतरी मशीनच्या एका प्रोग्रॅममध्ये एका अंकाच्या जागी दुसरा अंक टाकला. आकार तोच, कॉपी करताना वेळही जुनीच राहिली. सॉफ्टवेअर म्हणालं बदल नाही, आणि वर्कशॉपमध्ये त्या चुकीच्या मापानं कापलेल्या भागांचा अख्खा जॉब भंगारात गेला. दिलीपला जेवण जाईना. ती फट त्यानं बुजवली आणि नव्या पोरांना बजावायला लागला, "शक हुआ तो फाइल खोलो. पुरानी याद पे मत जाओ."

गेल्या वर्षी तो थकलेला दिसायला लागला. वहिनी तपासणीसाठी मागे लागल्या की म्हणायचा, "अगं, मागच्या रिपोर्टात सगळं नॉर्मल होतं. वजनही तेच आहे. क्या बदला है?" आणि डिस्पेन्सरीच्या काट्यावर उभा राहून दाखवायचा. वजन खरंच तेच होतं. लिव्हर कामातून गेलं होतं. हातापायाचं मांस झडत होतं, पोटात पाणी भरत होतं, म्हणून काटा हलत नव्हता... डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. इतका हुशार माणूस, आणि स्वतःच्या बाबतीत असा गाढवपणा करून गेला.

परवा क्वार्टर रिकामं करायला मदत म्हणून गेलो. त्याच्या खोलीत त्याच्याच खुर्चीवर बसलो. वहिनींनी चहा आणून दिला आणि विचारलं, "तुमची तपासणी कधी झाली?"

"मागच्या वर्षी. सगळं नॉर्मल होतं," मी म्हणालो.

वहिनींनी माझ्या हातातला कप काढून घेतला, चपला घातल्या आणि दारात माझी वाट बघत उभ्या राहिल्या.