आमचा कॉर्डलेस आणि सुजाताचे शुक्रवार

माझ्या आईचं आणि माझ्या धाकट्या बहिणीचं बोलणं एकदा सहा महिने बंद होतं. भांडण काही नव्हतं. मी घरात कॉर्डलेस फोन आणला होता.

हे आता पन्नाशी ओलांडल्यावर कबूल करतोय. तेव्हा मी दोष पत्र्याला दिला, वाऱ्याला दिला, म्हशीला दिला. (म्हशीची मी नंतर मनातल्या मनात माफीही मागितली. तिनं ती स्वीकारली नाही, ते पुढे येईलच.)

बहिणीचं, म्हणजे सुजाताचं, लग्न मीच जुळवलं होतं. मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. तिथल्या एका सोबत्याचा भाचा मस्कतला फिटर होता. मुलगा चांगला, निर्व्यसनी, शिकलेला. आईनं एकच प्रश्न विचारला, "मस्कत म्हंजी लई लांब आसंल न्हाई?"

"छे! मुंबईहून विमानानं तीन तास."

"तीनच?" आईनं हिशेब केला. "मंग बरंय. एसटीनं इथनं माज्या भावाकडं जायलाबी तेवढंच लागत्यात."

मामाकडे ती वर्षातून चार वेळा जायची. मी हे ऐकून घेतलं आणि गप्प बसलो. त्यानंतर दीड वर्षं सुजाता आली नाही. कधीमधी भाकरी थापताना आई मान वर न करता म्हणायची, "तीन तासांवर हाय म्हनला हुतास." बास, एवढंच. पण ते वाक्य मला दिवसभर पुरायचं.

सुजाता दर शुक्रवारी चार वाजता फोन करायची. तिकडे शुक्रवारी सुट्टी असते, आणि योगायोगानं आमच्या कारखान्यालाही. ती बूथवरून कार्ड घालून बोलायची. एका कार्डात सहा मिनिटं. फोन आमच्या पुढच्या खोलीत, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या कपाटावर. आणि बरोबर चार वाजता आई मागच्या गोठ्यात म्हशीखाली! पाचला डेअरी बंद, त्यामुळे चारला धार काढायलाच हवी, आणि म्हैस आईशिवाय कुणालाही अंगाला हात लावू देत नसे. फोन वाजला की मी हाक मारायचो, आई बादली बाजूला ठेवायची, गुडघ्यावर हात देऊन उठायची, पदराला हात पुसत अंगण ओलांडायची आणि फोनपर्यंत येईतो साडेतीन मिनिटं गेलेली असायची. उरलेल्या वेळात दोघी एकमेकींना "जेवलीस का?" विचारायच्या. तेवढ्यात कार्ड संपायचं.

माझी बायको मंगल म्हणाली, "अहो, शुक्रवारच्या दिवशी आईंना चारला फोनपाशी बसवा की. धारेचं बघू काहीतरी."

मला हसू आलं. हा काय उपाय झाला? यात तांत्रिक असं काहीच नव्हतं! मी नगरला गेलो आणि कॉर्डलेस घेऊन आलो.

खोक्यावर 'दोनशे मीटर' असं छापलं होतं. ते दोनशे मीटर कुणी कुठल्या माळावर मोजले होते देव जाणे. आमच्या घरी ते गोठ्याच्या पहिल्या पत्र्याला थडकून संपत. पहिल्या शुक्रवारी आई हातातला फोन घेऊन म्हशीपाशी बसली. चारला घंटी वाजली. आईनं मी शिकवल्याप्रमाणे बटण दाबलं, मी शिकवल्याप्रमाणे अँटेना ओढून लांब केली, आणि ती म्हशीच्या नाकात गेली.

त्या दिवशीचं दूध गोठ्यानं प्यायलं.

"आई, बोल की!" मी अंगणातून ओरडलो.

"काय बोलू? नुसतं खर्रर्र हाय!"

"जरा डावीकडं सरक!"

"डावीकडं म्हस हाय!"

"मग उजवीकडं!"

"उजवीकडं शेण हाय!"

हे सगळं पलीकडे मस्कतमध्ये सुजाताला नीट ऐकू येत होतं. सहा मिनिटं तिनं आपल्या माहेरचा भूगोल ऐकला आणि कार्ड संपलं.

मी मेंटेनन्सचा माणूस. बिघाड दिसला की मला झोप लागत नाही. (बिघाड नसला तर मी तो शोधतो, असं मंगलचं म्हणणं.) पुढच्या शुक्रवारी फोनचा बेस खिडकीत आला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तो शिडीवरून पत्र्यावर गेला. मग मी तो बांबूला बांधला. दर वेळी आईला अंगणात फिरवून कुठे आवाज येतो, कुठे येत नाही, ते पाहायचं. जिथे बरा येई तिथे मी चुन्यानं गोल आखला. असे पाच गोल झाले. आवाज तुटला की आईनं एका गोलातून दुसऱ्या गोलात जायचं. पासष्ट वर्षांची माझी आई, दुखऱ्या गुडघ्यांनी, कानाला फोन लावून अंगणात लंगडीचा डाव खेळत होती आणि मी शिडीवरून हुकूम सोडत होतो, "तीन नंबर! तीन नंबरात जा!"

आमच्या घरात गंडेदोरे, अंगारे असल्या गोष्टींना थारा नाही. माझ्या वडिलांनी तर उभी हयात त्याविरुद्ध भाषणं केली. आणि आता वाडीत बोललं जाऊ लागलं, "परकाशनं आंगनात रिंगणं आखल्यात. म्हातारीला आत उभी करतोय शुक्रवारच्या शुक्रवारी." एक जण मला चौकात बाजूला घेऊन विचारून गेला की गुण येतोय का.

गुण येत नव्हता. तेव्हा मी ठरवलं की जोवर यंत्रणा सुधारत नाही तोवर निदान बोलणं वाया जाऊ नये. त्यासाठी मी दुसरी सोय केली. जुना फोन त्याच लाइनला कपाटावर जोडलेलाच होता. घंटी वाजली की त्याचा रिसीव्हर उचलून ठेवायचा, त्याला रबरी टोपीचा एक छोटा माइक चिकटवायचा आणि तो टेपरेकॉर्डरला जोडायचा. सुजाता जे बोलेल ते कॅसेटमध्ये साठेल, आणि आईनं नंतर सावकाश ऐकावं. कल्पना मला इतकी आवडली की मी ती कारखान्यात तिघांना सांगितली.

टेप सुरू झाल्यापासून आवाज आणखीच बारीक येऊ लागला. मी वायरी बदलल्या. बांबू बदलला. तीन शुक्रवार त्यात गेले. चौथ्या शुक्रवारी मंगल चहाचा कप ठेवायला आली आणि तिनं जागा करायला म्हणून उचलून ठेवलेला रिसीव्हर जागेवर ठेवला. अंगणातून आई ओरडली, "आला! आला! सुजाचा आवाज आला!"

मंगलनं रिसीव्हर पुन्हा उचलला.

"गेला!"

मंगलनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वाऱ्यामुळं होतं असं."

आमच्या शेजारच्या हौसाकाकूंना कुणाकडे काही आलं की तेच हवं असायचं. त्यांच्या मुलानं नगरच्या त्याच दुकानातून तसाच कॉर्डलेस आणला. अगदी तसाच! आणि तो फोन त्यांच्या ओट्यावर बसून, कुठलाही बांबू न लावता, कुठलाही गोल न आखता, आमचा फोन खणखणीत ऐकवू लागला. हे आम्हाला माहीत नव्हतं. एका शनिवारी सकाळी काकू साखरेची वाटी घेऊन आल्या आणि आईच्या तोंडात चिमूटभर साखर घालून म्हणाल्या, "आक्का, आजी व्हनार की तू! बोलली न्हाईस ती?"

आई तशीच उभी राहिली. साखर तोंडात.

"कोन म्हनलं?"

"आता गं बया! सुजानंच न्हाई का सांगितलं काल? मी काय मुद्दाम न्हवते ऐकत. फोन हातात घेतला तर आतनं सुजाच बोलाय लागली. 'आई, मला तिसरा म्हयना लागलाय' म्हनली. दोनदा म्हनली पोर. कुनी व्हय म्हनंना का न्हाई म्हनंना. मला वाटलं आनंदानं तुमची दातखीळ बसली."

काल चारला आई चार नंबरच्या गोलात होती आणि मी पत्र्यावर. आईच्या कानात नुसती खरखर; ऐकणारं फोनवर कुणीच नव्हतं.

"कॅसेट आहे!" मी म्हणालो. माझा आवाज जरा चिरकला. "काळजी करू नका. सगळं कॅसेटमध्ये आहे."

आम्ही सगळे टेपभोवती बसलो. हौसाकाकूही बसल्या, त्यांना दुसऱ्यांदा ऐकायचं होतं. मी बटण दाबलं. आधी माझा आवाज आला, "हॅलो, सुजा, मी एक ते दहा म्हणतो, कितीपर्यंत ऐकू येतं ते सांग." मग मी एक ते दहा म्हटले. मग सुजाता म्हणाली, "दादा, दहा आले. आई कुठंय? मला आईशी—" मी म्हणालो, "थांब, आता उलटे म्हणतो." मी दहा ते एक म्हटले. मग मी पत्र्यावर गेल्याचा शिडीचा आवाज. मग लांबून माझंच ओरडणं. मग अगदी जवळून, स्वच्छ, सुजाताचा आवाज, "आई, आलीस का गं? ऐक ना, मला—"

खट्.

कॅसेटची बाजू संपली होती.

हौसाकाकू वाटी घेऊन हळूच निघून गेल्या, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते कळेल. आई उठली. मला वाटलं, आता ती 'तीन तास' म्हणणार, आणि ते मी ऐकून घ्यायला तयार होतो. पण ती तेवढंही म्हणाली नाही. गोठ्यात गेली आणि बराच वेळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली. पोरीनं आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आईला सांगितली, आणि ती ऐकायला आईच्या जागी पोराचं मेंटेनन्स होतं.

पुढच्या शुक्रवारी सगळी सूत्रं मंगलच्या हातात गेली. तिनं कॉर्डलेसची वायर काढून खोक्यात भरली. जुना फोन पुसला. साडेतीन वाजता आईला त्याच्यापाशी खुर्चीत बसवलं.

"आणि धार?" मी विचारलं.

"तुम्ही काढायची."

"मी? म्हैस उभी राहील का मला?"

मंगलनं दोरीवरून आईचं जुनं लुगडं काढून माझ्या हातात दिलं.

"तू काढ ना मग. मी थांबतो इथं, फोनला काही झालं तर—"

"म्हणूनच तुम्ही गोठ्यात. तुम्ही फोनच्या आसपास असलात की काहीतरी दुरुस्त करता."

तर चार वाजता मी, कारखान्यात हाताखाली अकरा माणसं असलेला सुपरवायझर, डोक्यावरून पदर घेऊन म्हशीखाली बसलो होतो. म्हशीनं मला हुंगलं, लुगडं ओळखलं, बुटांकडे संशयानं पाहिलं आणि एक लाथ मारली. (हीच ती न स्वीकारलेली माफी.) दुसऱ्यांदा मात्र तिनं पान्हा सोडला. तेवढ्यात भिंतीवरून हौसाकाकू डोकावल्या.

"आक्का, आला का गं फोन सुजाचा?"

मी पदर पुढे ओढला.

"आक्का? आगं बोल की! आन् तुला मिशा कवा फुटल्या?"

आणि त्याच वेळी घरात घंटी वाजली. एकदाच. दुसरी वाजायच्या आत आईनं फोन उचलला असणार. मी धार थांबवून कान दिला. शब्द काही ऐकू येत नव्हते. अंगणापलीकडून नुसता आईच्या बोलण्याचा गुणगुणल्यासारखा आवाज, मधे शांतता, पुन्हा आवाज. मग आई हसली. दीड वर्षात मी ते हसणं ऐकलं नव्हतं. ते बोलणं पूर्ण सहा मिनिटं चाललं. काय बोलल्या ते मला कधीच कळलं नाही. विचारलं तर आई म्हणाली, "बायकांचं हुतं काय काय."

ते रेकॉर्ड झालं नाही. रेकॉर्ड करणारा म्हशीखाली होता.

सुजाता बाळंतपणाला आली, तीन महिने राहिली. त्या दिवसांत फोन वाजला तरी घरात कुणी धावत उठत नसे. दोघी बाजेवर बसून काही न बोलताही तासन्‌तास बोलत. मग ती बाळाला घेऊन परत गेली, शुक्रवार पुन्हा सुरू झाले, दर शुक्रवारी मी लुगडं नेसलो आणि फोनला हात लावला नाही. असे अडीच वर्षांचे शुक्रवार झाले. मग एका थंडीत आई गेली.

दिवस करून परत जाताना सुजातानं माझ्याकडे फक्त ती कॅसेट मागितली. "आईचा आवाज असेल ना त्यात, दादा?" मी तोंड न उघडता ती दिली. काय सांगणार होतो? आईच्या गप्पांची आमच्याकडे एवढीच साठवण, आणि ती मी केलेली!

महिन्याभरानं तिचा फोन आला. शुक्रवारी, चारलाच.

"दादा, दोन्ही बाजू ऐकल्या. सगळीकडं तूच आहेस."

"माहीत आहे गं. मला माफ कर."

"पण आई एकदा आहे. कॅसेटच्या मागच्या बाजूला. बहुतेक खिडकीपाशी आली असणार, अगदी जवळून येतोय आवाज. मी रोज ऐकते. थांब, तुला ऐकवते."

तिनं फोन टेपजवळ धरला. खरखर झाली. आणि मग आई बोलली, वैतागून, स्वच्छ, अगदी माझ्या कानाशी, "परकाश, आरं तू गप बस की जरा! माज्या पोरीचा आवाज ऐकू दे मला!"

मी भिंतीला टेकलो. डोळे भरून आले. पलीकडून बराच वेळ काहीच आवाज येईना, तेव्हा मला राहवेना.

"हॅलो! हॅलो, सुजा! येतोय का माझा आवाज? लाइन आहे ना? हॅलो!"

टेप मागे घेतल्याची सर्रसर ऐकू आली, आणि तिनं मला तेच वाक्य पुन्हा लावलं.