अंगठ्यांची कार्डं

आमच्या डॉक्टरांच्या हाती दोरी आली आणि तिला गाठ बसली नाही, असं पनवेलात कुणी पाहिलेलं नसेल. मी अकरा वर्षं त्यांच्याकडे नर्स होते. चहा घेताना त्यांचा डावा हात ऑपरेशनच्या टाक्यांच्या सवयीने खुर्चीला, छत्रीला गाठी मारत असे, एकदा तर तक्रार घेऊन आलेल्या सरपंचांच्या धोतराच्या सोग्याला गाठी मारत बसला होता. मी कात्री घेऊन धावले, सरपंच तक्रार विसरले. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेळेत सापडला, तर नुसतं गर्भाशय काढून ते थांबत नसत. आजूबाजूचा भाग, ओटीपोटातल्या ग्रंथी, सगळं चार-चार तास निगुतीने काढत. एवढं कशाला, असं कुणी म्हटलंच, तर "घाई असलेल्यांनी एस.टी. पकडावी," असं पुटपुटून पुढची ग्रंथी चाचपत.

पण पाच वर्षं जगली तरच बाई बरी झाली, असं ते धरत. म्हणून घरी जाताना प्रत्येकीला दवाखान्याचा पत्ता आणि कोपऱ्यात तिचं नाव लिहिलेली पाच पोस्टकार्डं देत. दर पाडव्याला एकावर काजळाचा अंगठा उमटवून टाकायचा. पुढचा आठवडाभर पोस्टमनची अशी वाट बघत, जणू जावईच यायचा आहे.

मिठागरावरची हिराबाई ही त्यांची पहिली अशी पेशंट. तिचं पाचवं कार्ड आलं तेव्हा त्यांनी दवाखान्याला जिलबी वाटली. मग पाचही कार्डं ओळीने मांडली आणि शेवटची दोन उचलून उजेडात धरली. हिराबाईच्या अंगठ्यावर कोयतीचा तिरका वण होता. शेवटच्या दोन कार्डांवर तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या गावी गेलो. मुलाने मान खाली घातली. "तिसरं कार्ड धाडलं नि आय गेली. पोटात परत तेच झालं. जाताना बोलली, डाक्टर वाट बगतील, कार्डं बंद करू नका. म्हनून आमच्या घरातलीनं अंगठा लावला."

मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी विचारलं, "मी दहा दिली असती तर?"

"दहा धाडली असती, डाक्टर."

त्यांनी चहा घेतला, सुनेला नमस्कार केला, आणि परत आल्यावर वहीत हिराबाईच्या नावापुढे 'गेली' असं लिहिलं.

त्यानंतर प्रत्येकीला सहा कार्डं मिळू लागली. सहावं घरच्यांसाठी, ती गेली तर अंगठ्याविना कोरंच टाकायचं. पाचही अंगठे पाठवणाऱ्या पुष्कळ निघाल्या, पण कोरी कार्डंही आली. कोरं कार्ड आलं की डॉक्टर रोजच्यासारखे चहाला बसत, छत्री शेजारीच असे, आणि मला कात्री काढावी लागत नसे. त्या गाठींचा मला फार वैताग होता. पण अशा दिवशी वाटायचं, एखादी तरी मारा हो.