व्याज माफ झालं, पण दाराच्या चौकटीवर मी आहे

मंडळी, आज कोर्टात मुलीची सहा वर्षांची थकलेली पोटगी एकदम भरली. आधीच्या बायकोने तडजोडीत व्याज सोडलं. सुटलो म्हटलं.

तिथून थेट कात्रजला, मुलीला भेटायला. त्यांच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा होत्या. दर वाढदिवसाला तिची उंची, आणि शेजारी ‘बाबा’.

तिच्या खुणा वर चढत गेलेल्या. माझ्या दरवर्षी खाली.

“अगं, मी तर इथे नव्हतोच!”

“मी आठवून काढायचे, बाबा. यंदाची राहिलीय. उभे राहा ना.”

मी चौकटीला टेकलो. ती खाली वाकली, माझ्या गुडघ्यापाशी रेघ मारली आणि म्हणाली, “बरोबर आलं.”

घरी आल्या आल्या टेप काढून उंची मोजली. हसा खुशाल. आकडा मात्र विचारू नका.